झग्याच्या काठातला तावीज

केनवडच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा सातच घरं होती आणि त्यांचा प्रचारक होता शालिग्राम; सगळे त्याला मास्तर म्हणत. वाशीमच्या चर्चचे पाळक महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार तोच सांभाळी. सदतीस सालच्या भादव्यात त्याच्या रूथला ताप चढला. सहा वर्षांची, एकुलती एक पोर. मिशनचं औषध झालं, उपास झाले, प्रार्थना झाल्या. एकविसाव्या दिवशी पोरीने डोळे फिरवले, तेव्हा शालिग्राम कोणाला न सांगता रिठदच्या भगताकडे गेला आणि तावीज घेऊन आला. बायकोने, गोमतीबाईने, तो रूथच्या झग्याच्या काठात शिवून टाकला. आठवड्यात ताप उतरला.

पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभा राहून तो म्हणाला, "आम्ही एका देवावर भरवसा ठेवला." बायांनी डोळे पुसले.

दिवाळीनंतर हिरीबाई नावाच्या विधवेचा मुलगा लखमा तापाने पडला. बरा होऊन तो प्रार्थनेला आला, तेव्हा पाळकांना त्याच्या दंडावर काळा गंडा दिसला. हिरीबाईने तिथल्या तिथे कबूल केलं. भगताकडून आणला, म्हणाली. पाळक शालिग्रामकडे वळले.

"तुम्ही इथले. काय करावं?"

म्हातारी घाबरली होती, सोडून द्या, एवढंच शालिग्रामला म्हणायचं होतं. पण मऊ बोललो तर कोणाची तरी नजर आपल्या घराकडे वळेल, या धाकाने तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा."

हिरीबाईला तीन महिने प्रभुभोजनाची भाकर बंद झाली. तरी ती यायची, मागे भिंतीला टेकून बसायची. भाकरीचं ताट घेऊन शालिग्राम तिच्यापुढून जायचा, तेव्हा ती पदर सावरून मान खाली घालायची. दुसऱ्या महिन्यात तिच्यापुढे येताच त्याने ताट खाली ठेवलं. त्या दिवशी दुपारी तो उठला आणि तिच्या घरी गेला.

हिरीबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

"बाई, मी तुमचा गुन्हेगार आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "माझ्या रूथच्या झग्यात..."

"तावीज हाये. मले माहीत हाये, मास्तर."

"कसं?" शालिग्रामने विचारलं.

"मी रिठदले लेकीकडं गेल्ती. तुमाले भगताच्या घरातून निंघतानी पाह्यलं. मंग लखमा पडला, तवा मनात म्हनलं, मास्तर सोता गेले, म्हनजे देवाले चालत असन. म्हनून मी बी गेली."

हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हातारीला त्या वाटेवर त्यानेच घातलं होतं, आणि शिक्षाही त्यानेच सुनावली होती.

"मग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

तिने सुपातला खडा वेचून टाकला. "पोरगी नुकतीच उठून बसली होती. लोकायनं तिच्याकडं बोट दाखवलं असतं. माह्यं काय, मी म्हातारी." मग म्हणाली, "रडू नका. देव तुमाले माफ करीन. म्या तं कवाचंच केलं."

तिने रागावून हाकलून दिलं असतं, तर त्याला हलकं वाटलं असतं.

घरी येऊन त्याने झग्याची शिवण उसवली. "पुन्हा ताप आला तर?" गोमतीबाई रडत म्हणाली. तावीज त्याने चुलीत टाकला खरा, पण दोन दिवस तो घडीघडी रूथच्या कपाळाला हात लावून बघत होता. इतका तोकडा भरवसा, आणि त्यावर आपण रविवारमागून रविवार प्रवचनं केली, याची त्याला लाज वाटली.

पाळक आले, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत सगळं सांगितलं; हिरीबाई का गप्प राहिली, तेही. हिरीबाईची शिक्षा तेव्हाच उठली. शालिग्रामचं काम गेलं.

त्या हंगामात तो गावातल्या मारोतरावांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागला. हिरीबाई शेजारच्या ओळीत असायची. त्याचे हात चालत नसले, की ती आपली ओळ उरकून त्याच्या ओळीत शिरायची.

"मास्तर, इकडून मी येतो," ती म्हणायची. प्रचारकी गेली तरी तिची हाक तीच होती; ओ देऊन तो तिकडून वेचत तिच्याकडे सरकायचा.