निळ्या दिव्याची वीस सेकंदं

मी निळा दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, रस्त्यावरचाही नव्हे, दातांच्या दवाखान्यातला. दाढेत भरलेला मऊ लगदा माझ्या उजेडानं दगडासारखा घट्ट होतो, एवढंच माझं काम. तुमच्याही तोंडात माझा एखादा भाऊबंद येऊन गेला असेल, पण तुम्ही त्याला पाहिलं नसणार. आम्ही पेटलो की खुर्चीतलं माणूस डोळे मिटतं आणि डॉक्टर नारिंगी काचेआड होतात. आमच्याकडे थेट बघितलं तर डोळ्यांना त्रास होतो, हे मला मान्य आहे. तरी सव्वीस वर्षांत पेटलेला असताना कुणी एकदाही आपल्याकडे बघितलं नाही, याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

रूप म्हणाल तर मी पिस्तुलासारखा. चाप दाबला की पेटतो, सोडला की विझतो. पोटात पंखा आहे, तो सारखा घरघरतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो माझं खोकं उघडणारा एलिहिओ. पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, आवाज खर्जातला. पिरिबेबुई नावाच्या गावात, ओढ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याच्या बायकोचा, डॉक्टर पेर्पेतुआबाईंचा, दवाखाना होता. बाई दात बघायच्या. एलिहिओ लगदा काढून द्यायचा, थुंकी ओढणारी नळी धरायचा आणि रोग्यांना गप्पांत गुंतवायचा.

"काय गं, हे पिस्तूल कुणासाठी?" त्यानं मला हातात घेऊन विचारलं.

"जो काम सोडून गप्पा मारतो त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या.

माझ्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, लगदा पातळ थरांनी भरा आणि दर थराला चाळीस सेकंद उजेड द्या. दर दहा सेकंदांनी माझ्यात एक पिपाणी वाजायची. ती दुसऱ्याच वर्षी मुकी झाली. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. तेव्हा बाईंनी आपल्या घरातलंच माप काढलं. त्या गावात संध्याकाळी जपमाळ घेऊन बसलं की प्रार्थनेचा पहिला भाग एकानं म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. दवाखान्यात बाई तोंडावरच्या फडक्याआडून म्हणत, "प्रणाम मरिये, कृपापूर्णे..." आणि एलिहिओ आपल्या खर्जात, बैलगाडीच्या चालीनं उत्तर देई, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर..." अशा तीन प्रार्थना झाल्या की बाईंचं बोट चापावरून निघे. मी मोजत असे. चाळीसला एखादं सेकंद कमीजास्त, बस. एकवीस वर्षं हे माप चुकलं नाही.

इथं माझी एक खोड सांगायला हवी. माझा उजेड वरून पडतो, त्यामुळे लगद्याचा वरचा पापुद्रा दहा सेकंदांतच कडक होतो. टोकरून बघा, टणक लागेल. तळ मात्र सावकाश घट्ट होतो. जाड भाकरी वरून खरपूस दिसावी आणि आत कच्ची निघावी, तसं घाई केली की होतं. वरून कुणालाच कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी एलिहिओ गेला. सकाळी तेरेरेसाठी, म्हणजे नळीनं ओढायच्या पाल्याच्या गार पेयासाठी, बर्फ फोडत होता, दम लागला म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. नऊ दिवस घरात माणसं प्रार्थनेला येत होती. दहाव्या दिवशी बाईंनी दवाखाना उघडला आणि मला हातात घेतलं. "प्रणाम मरिये" म्हटलं, आपला भाग संपवला आणि सवयीनं थांबल्या. उत्तर कुठून येणार? खुर्चीतलं माणूस तोंड वासून पडलेलं. बाईंनी दुसरी प्रार्थना सुरू केली. मग तिसरी. बोट उचललं.

वीस सेकंदं झाली होती.

मला ओरडावंसं वाटलं, पण पिपाणी केव्हाच मुकी झालेली. वाटलं, उद्या त्यांच्या लक्षात येईल. उद्याही वीस. परवाही वीस. बाई तीन प्रार्थना मोजत होत्या आणि त्यांच्या हिशेबात तीन पुऱ्या होत होत्या. एलिहिओचा भाग त्यांच्या मनात वाजत असेल, पण मनातल्या आवाजाला वेळ लागत नाही. मला एलिहिओची आठवण दर थराला यायची. मी त्याच्या वाट्याच्या वेळात, कुणाच्यातरी दाढेच्या खोबणीत, अर्ध्यावर विझायचो.

मग रोगी परत येऊ लागले. सगळ्यांत तिखट क्रेसेन्सिया. ती बसथांब्यावर टोपली घेऊन चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, विकते आणि विकता विकता स्वतःही खाते.

"डॉक्टरीणबाई, ही दाढ तिसऱ्यांदा! माझा चिपा इतका कडक नाही हो."

"मग कडक कोण? जीभ?"

"जिभेनं दाढ फुटत असती तर माझ्या नवऱ्याची एक शिल्लक राहिली नसती."

बाई हसल्या, पण दाढ टोकरताना त्यांचा चेहरा उतरला. वरचं कवच निघालं आणि खाली लगदा चिकट, त्याभोवती पुन्हा कीड. ओढ्यापलीकडे एक नवा दवाखाना निघाला होता आणि लोक तिकडे वळू लागले होते. बाई आपले हात उलटेपालटे करून बघत. हात थरथरतात की काय, याचीच त्यांना भीती. हात गेले तर त्यांच्याकडे उरणार तरी काय होतं?

त्यांची भाची नीव्हेस राजधानीत दंतवैद्यकी शिकून नुकतीच मदतीला आली होती. एका दुपारी मावशी झोपलेली असताना तिनं शरबताच्या नळीचा बारीक तुकडा कापला, काचेवर ठेवून लगद्यानं भरला आणि फोनमध्ये वेळ लावून मला वरून चाळीस सेकंद धरलं. मग तुकडा उलटा करून तळ सुरीनं खरवडला. टणक. सुरीला काही लागलं नाही. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन मावशीच्या बाजूला उभी राहिली. ऐकत होती, मोजत होती. तिसऱ्या प्रार्थनेला तिनं मान खाली घातली. तिला समजलं होतं.

काम आटोपल्यावर अंगणात दोघी एकाच पेल्यातून आळीपाळीनं तेरेरे ओढत बसल्या. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"सांग, काय सापडलं? माझे हात गेलेत ना?"

"हात कुठले, मावशी. दिवा म्हातारा झालाय."

"निळा तर तेवढाच दिसतो."

"दिसायला काय, दिसतो. जोर गेलाय त्यातला."

मावशीनं सुस्कारा सोडला. सुटल्याचा सुस्कारा होता तो. आळ माझ्यावर आला. पोरीनं खोटं का सांगितलं ते मला कळत होतं, तरी राग आलाच. आठवड्याभरात नवा दिवा आला, सडपातळ, स्वतःच मोजणारा. गावभर झालं की दिवाच खोटा निघाला. बाई मला कपाटात ठेवत होत्या तेव्हा क्रेसेन्सियानं तर मला दोन शिव्या हासडल्या.

कपाटात महिने गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथला चोरही बिचारा होता, म्हणून कुणावर चिडावं ते कळेना.

एका दुपारी बाई सुरी शोधत आल्या आणि खणात त्यांना कागदात गुंडाळलेला तो तुकडा सापडला. वर नीव्हेसचं अक्षर: जुना दिवा, चाळीस सेकंद, तळ घट्ट. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी मला बाहेर काढलं, नळीचे दोन तुकडे कापून भरले. पहिल्यावर रोजच्यासारख्या तीन प्रार्थना म्हटल्या. उलटून खरवडला. सुरीला चिकट लगदा आला.

दुसऱ्यावर त्यांनी आपला भाग म्हटला आणि मग, घसा खाली ओढून, त्याचाही. सावकाश, बैलगाडीच्या चालीनं. तिसऱ्यांदा त्याच्या भागातलं शेवटचं "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" म्हणताना आवाज फुटला, पण चाप सुटला नाही. चाळीस. तळ घट्ट.

"माझीच प्रार्थना अर्धी राहत होती रे," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की त्याला, ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होते, मावशी?"

बाईंनी तीन वर्षांतल्या एकेका रोग्याला निरोप धाडला, पुन्हा येऊन दाढ भरून घ्या. आलेल्या प्रत्येकाला तोंडावर सांगितलं, "दिव्याचा दोष नव्हता. मीच वेळ कमी देत होते." काही जण रागावून ओढ्यापलीकडे गेले. क्रेसेन्सिया मात्र खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्या शिव्या फुकट गेल्या," म्हणाली, आणि कपाटाकडे बघून तिनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला.

मला पुन्हा कामावर घेतलं नाही. नवा माझ्याहून चांगला आहे, ते बरोबरच झालं. दोन्ही तुकडे माझ्याशेजारी ठेवलेत, कच्चा आणि पक्का. माझी एवढीच विनवणी आहे: निळा उजेड तोंडात असेल तेव्हा डोळे खुशाल मिटा, पण मनात मोजत जा. आणि तुमचं एखादं माणूस गेलं असेल, तर त्याच्या वाट्याचा वेळ मध्येच कापू नका.

नवा दिवा चार वेळा टुणटुणतो, त्यामुळे बाईंना मोजायची गरज नाही. सवय मात्र गेलेली नाही. आपला भाग म्हणतात आणि थांबतात. त्या थांबण्यात, कपाटाच्या अंधारात, पुढचं मी म्हणतो. कुणाला ऐकू जात नाही.