बिस्किटातलं अंडं

कुमुदिनीबाई पुण्याहून झूटरमेर या डच गावी मुलाकडे आल्या त्या एक अट घेऊनच. सुनेला अंडं खायचं तर खुशाल खाऊ दे, पण मी आहे तोवर स्वयंपाकघरात ते शिजता कामा नये. विराजने ती अट विमानतळावरच मान्य करून टाकली. एरवी हाच माणूस रविवारी अमृताच्या हातची दोनदोन ऑम्लेटं मागून खायचा. आई आल्याबरोबर तो जन्माचा शाकाहारी झाला. बाल्कनीत छोटी विजेची शेगडी मांडली गेली आणि ऐन नोव्हेंबरात, अंगावर जॅकेट चढवून, बोचऱ्या वाऱ्यात अमृता स्वतःच्याच घराबाहेर स्वतःचं ऑम्लेट करू लागली.

आत बाईंचा थाट बघावा. चहाच्या कपावर स्ट्रोपवाफल झाकणासारखं ठेवायचं, वाफेने मधला पाक सैल झाला की डोळे मिटून खायचं. हे डच बिस्किट त्यांना इतकं आवडलं की एक पाकीट दोन दिवस पुरेना. खाताखाता करमणूकही होती. फोनचा कॅमेरा घरातल्या एकेका पुड्यावर धरायचा आणि त्यावरचं डच मराठीतून वाचायचं.

"विराज, हे बघ. शेंगदाण्यांच्या पुड्यावर काय, तर यात शेंगदाणे आहेत. दुधावर, यात दूध आहे. नाहीतर काय रॉकेल असणार होतं?"

मायलेक पोट धरून हसायचे.

अमृताला हसू यायचं नाही. स्ट्रोपवाफलच्या पाकिटामागची बारीक ओळ तिने पहिल्याच आठवड्यात वाचली होती. यात गहू, दूध आणि अंडे आहे. ती गप्प राहिली ती काही सासूची दया येऊन नव्हे. असा दारूगोळा कुणी उगाच उडवून टाकतं का? बाल्कनीत नाक गळत असताना ती काचेतून आत बघायची, आणि बाईंनी आणखी एक बिस्किट उचललं की तिला मनापासून बरं वाटायचं.

एका रविवारी बाईंनी तिचा तवा कचऱ्यात टाकला. घासलेला, स्वच्छ तवा. म्हणे वास जात नाही.

अमृता आवाज न चढवता बाहेरच्या खोलीत आली आणि तिने बिस्किटांचं पाकीट बाईंच्या कपाशेजारी आदळलं.

"आई, फोन घ्या तुमचा. एवढं एकच वाचायचं राहिलंय."

बाईंनी फोनला हातसुद्धा लावला नाही.

"यात अंडं आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

इतके दिवस जपलेला बार असा फुसका निघाला.

"मग माझा तवा का टाकलात?"

"तू खातेस ते अंडं. हे बिस्किट आहे. ना दिसत, ना वास येत. आणि मी काही चोरून खाल्लेलं नाही. विराजने दुसऱ्याच दिवशी दुकानात वाचून दाखवलं होतं मला."

अमृता नवऱ्याकडे वळली. सासूकडून तिने न्यायाची अपेक्षा कधी केलीच नव्हती. सासूचा राग तिला सवयीचा होता, त्यात एक प्रकारची मजाही होती. पण हा रोज काचेआड उबेत बसून, ते बिस्किट खात, तिला बाहेर कुडकुडताना बघत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"अगं, तू वाद घातला असतास," विराज म्हणाला. "आणि आईचीच अट आहे ना. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

"त्यांची अट त्यांनी तोंडावर सांगितली. त्यांचं माझं भांडण मी बघून घेईन. तू सांग. मी माझ्या स्वयंपाकघरात अंडं केलं तर तुला चालणार आहे का?"

बाईसुद्धा हातातला कप खाली ठेवून उत्तराची वाट बघू लागल्या.

विराजने आईकडे पाहिलं.