फितूर

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या बाईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताचं बोट थेट ताईंकडे केलं.

"यांनी शिकवलं मला. पोलिसांपुढे असं सांग, डॉक्टरांपुढे तसं सांग. माझ्या नवऱ्याने मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. मी जिन्यावरून पडले होते."

ताईंनी आधी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे दुसरी कोणी बाई बसली असेल असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं. मागे भिंत होती.

"मग तुम्ही यांच्या घरी का राहिलात?" नवऱ्याच्या वकिलाने विचारलं.

"ठेवून घेतलं मला. बाहेर पडू देत नव्हत्या. यांची म्हातारी आई दाराशी बसून असायची."

नवरा मान खाली घालून ऐकत होता. तो मोटार ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. अर्धं शहर त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं. शिकणाऱ्याने भर चौकात कितीही वेळा गाडी बंद पाडली, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले, तरी मास्तरांचा आवाज चढला असं कुणी ऐकलं नव्हतं. कोर्टातल्या कारकुनाची मुलगीही त्यांच्याच हाताखाली शिकली होती. बायको बोलत होती तेव्हा त्याचे ओठ किंचित हलत होते, पाठांतर म्हणून घेणाऱ्या शिक्षकाचे हलतात तसे. ते ताईंशिवाय कुणी पाहिलं नाही.

सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं. असे साक्षीदार त्याला रोज भेटत. पुढच्याच तारखेला मास्तर सुटला. बाहेरच्या पायऱ्यांवर ताई समोर आल्या तेव्हा तो बाजूला झाला आणि त्याने हाताने वाट दाखवली.

"या ताई, तुम्ही आधी."

त्याची बायको हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत कामाला होती. तिच्यासारखी घडी कुणाला जमत नसे, म्हणून तिथे तिला घडीवालीच म्हणत. ताईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्यात, खांद्याचं हाड मोडलेलं होतं तेव्हा. ताई महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत समुपदेशक होत्या आणि दवाखान्यातून असे फोन त्यांनाच येत. संस्थेच्या निवाऱ्यात जागा नव्हती. ताईंनी नियम मोडला आणि तिला स्वतःच्या घरी नेलं.

घरात ताई आणि त्यांची आई, दोघीच. आईने आपली खाट तिला दिली. हात गळ्यात बांधलेला म्हणून आई तिचे केस विंचरायची, दुधात पाव भिजवून भरवायची. "माझ्या मुलीने मला कधी डोक्याला हात लावू दिला नाही," ती घडीवालीला सांगायची, "तू तरी शहाणी आहेस." आई सकाळी दाराशी बसायची ते उन्हासाठी. गुडघे शेकायला दुसरी जागाच नव्हती त्या घरात.

साक्षीनंतर एक हवालदार येऊन आईला विचारून गेला. बाईला कोंडून ठेवलं होतं का? दाराला कडी कोण लावायचं? आईने सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं.

"मी ऊन घ्यायला बसायचे हो."

तेव्हापासून तिने दाराशी बसणं सोडलं.

संस्थेच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी ताईंना बोलावून शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. "तुझी चूक नाही, हे मी कुठेही सांगेन. पण मंडळाचं म्हणणं आहे, थोडे दिवस तू लोकांपुढे नको." वर्तमानपत्रात 'महिला संस्था की कोंडवाडा' असा मथळा आला होता. पोलीस ठाण्यातून बायकांना संस्थेकडे पाठवणं थांबलं होतं. "तिकडे कशाला जाता, तिकडे शिकवतात," असं तिथला अधिकारी म्हणायचा म्हणे. समुपदेशनाच्या खोलीबाहेरचं बाक रिकामं राहू लागलं. ती खोली आता एका नव्या मुलीला दिली होती. ताई मागच्या कोठीच्या खोलीत देणगीत आलेले जुने कपडे निवडत बसायच्या. चांगले इकडे, फाटके तिकडे, बटणं तुटलेले मधे.

त्याच ताई वर्षानुवर्षं संस्थेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला शिकवत आल्या होत्या, "बाई कोर्टात उलटली तर रागवायचं नाही. ती आपल्याला फसवत नसते, जीव वाचवत असते. आणि ती परत येते. आली की पहिलं वाक्य एकच. बरं झालं आलीस." मुली ते लिहून घ्यायच्या. कुणी हसून विचारायची, "आणि राग आलाच तर?" ताई म्हणायच्या, "तर हे काम आपलं नाही."

घडीवाली परत आली ती सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. संस्थेत ताई एकट्याच होत्या. जाळीचा दरवाजा कुणीतरी हलवला तसा त्या मांडीवरचा शर्ट हातात घेऊनच बाहेर आल्या.

ती जाळीपलीकडे उन्हात उभी होती. चेहऱ्याची डावी बाजू कानापासून हनुवटीपर्यंत सुजलेली, डोळा मिटलेला. हातात एक प्लास्टिकची पिशवी.

"ताई."

बरं झालं आलीस. वाक्य ताईंच्या जिभेवर आलं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआपच आलं. ताईंनी ते गिळलं.

"आज बंद आहे."

"हो. पाटी वाचली."

ती हलली नाही. जबडा उघडत नव्हता, शब्द दातांच्या फटीतून येत होते.

"पोलीस स्टेशन उघडं असतं," ताई म्हणाल्या.

"तिथूनच आले. साहेब म्हणाले, तू तर जिन्यावरून पडतेस."

ताईंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. आतली खुर्ची ओढून त्या जाळीच्या अलीकडे बसल्या आणि शर्टाचं सैल झालेलं बटण ओढून पाहू लागल्या. किल्ली त्यांच्या खिशात होती.

"बोल."

"मुलगी त्यांच्याकडे होती ना, ताई. नणंदेकडे नेऊन ठेवलेली. म्हणाले, सांगतो तशी साक्ष दे, मग मुलगी भेटेल."

"भेटली?"

"भेटली."

"मग कुठंय आता?"

"घरीच आहे. बोलत नाही माझ्याशी." ती थांबली. घोट गिळायलाही तिला त्रास होत होता. "म्हणते, तू बाबांना तुरुंगात घालणार होतीस."

यातलं ताईंना नवीन काहीच नव्हतं. मुलगी नणंदेकडे नेली तेव्हाच त्यांनी वकिलांना सांगितलं होतं, ही आता उभी राहणार नाही. त्यांना तेव्हा तिची दया आली होती. ती दया त्यांनी आता शोधून पाहिली.

"माझी आई आता दाराशी बसत नाही," त्या म्हणाल्या.

घडीवालीने मान खाली घातली.

"गुडघे आखडलेत तिचे. भिंतीला धरून चालते. शेजारचे विचारतात, ती बाई कुठे गेली हो, जिला तुम्ही कोंडलं होतं? त्यांना गंमत वाटते."

"आजींना भेटून मी..."

"आजी म्हणू नकोस तिला."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. घडीवालीने पिशवी पायाशी ठेवली आणि जाळीला टेकायला हात पुढे केला. लोखंड तापलेलं होतं, तिने हात काढून घेतला. सावली ताईंच्या बाजूला होती.

"दुखतंय?" ताईंनी विचारलं.

"हो."

"बोलता येतंय पण. कोर्टात तर फार छान बोललीस. एक शब्द चुकला नाही."

"माझं..." तिने ओठ ओले केले. "माझं चुकलं, ताई."

"ऐकू नाही आलं."

"माझं चुकलं."

"इथून ऐकू येत नाही. नीट म्हण. कोर्टात कसं सगळ्यांना ऐकू गेलं?"

घडीवालीने ताईंकडे पाहिलं. मग तिच्यात काहीतरी बदललं. तिने चपला काढल्या, त्या एकमेकींना लावून बाजूला ठेवल्या, दोन्ही हात मागे घेतले आणि सरळ उभी राहिली.

"माझं चुकलं. मला अक्कल नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं करता, मला त्याची किंमत नाही. दुसरी कुणी असती तर तुमचे पाय धुतले असते. पुन्हा असं होणार नाही. झालं तर मला घराबाहेर काढा."

सुजलेल्या जबड्यातून सगळे शब्द स्पष्ट आले. कुठे अडखळली नाही, आवाज वर गेला नाही, खाली गेला नाही. जे आधी एका वाक्यालाही जमत नव्हतं ते आता सरळ, घडी घातल्यासारखं बाहेर पडलं. शेवटच्या वाक्यातल्या 'घराबाहेर'वर तिने थोडा जोर दिला. तिथे तो द्यायचा असावा.

ऐकताना ताईंना बरं वाटलं. कोर्टातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि हात कुलपाकडे उचलला.

हात हललेला पाहताच घडीवालीने उघडा डोळाही मिटला. मग तिने मान वळवली. सुजलेली बाजू पलीकडे गेली आणि चांगला गाल ताईंकडे आला.

ताई किल्ली धरून तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. घडीवालीने तेवढा वेळ गाल तसाच धरला होता.

मग त्यांनी कुलूप काढलं. "आत ये," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. ती चपला हातात घेऊन आत आली आणि भिंतीशी उभी राहिली. बस म्हटल्यावर बसली. ताईंनी मॅडमना फोन केला, कोठीतून एक स्वच्छ चादर आणली, ओला रुमाल तिच्या गालाला लावायला गेल्या. तिने तो त्यांच्या हातातून हळूच घेतला आणि स्वतःच लावला.

मॅडम डॉक्टरीणबाईंना घेऊनच आल्या. डॉक्टरीणबाईंनी जबडा चाचपला, एक्स-रे लागेल म्हणाल्या. मॅडम खुर्ची ओढून घडीवालीसमोर बसल्या.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"चेहरा किती लाल झालाय. उन्हात उभी होतीस का?"

"चालत आले ना, मॅडम." तिने रुमालाची बाजू बदलली. "ताईंनी लगेच दार उघडलं. आधी बस म्हणाल्या, मग बाकीचं. मला वाटलं होतं रागावतील, पण एका शब्दानेही बोलल्या नाहीत."

जबडा दुखत असूनही हे सगळं तिने नीट, सावकाश सांगितलं. मग उघड्या डोळ्याने ताईंकडे पाहिलं. बरोबर सांगितलं ना, एवढंच त्या नजरेत होतं.

मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठून ताईंजवळ आल्या, त्यांचा दंड धरला.

"बघ. एवढं होऊन ती तुझ्याच दारात आली. हेच मी मंडळाला सांगत होते. उद्यापासून तुझी खोली तू घे. त्या नव्या मुलीला मी सांगते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हिने आत्ता जे सांगितलं ना, ते सगळ्या मुलींपुढे एकदा सांगायला हवं. राग कसा गिळायचा असतो ते कळू दे त्यांना."

"मॅडम," ताई म्हणाल्या.

"काय गं?"

डॉक्टरीणबाईंनीही वर पाहिलं. घडीवाली रुमाल गालाला धरून बसली होती. तिचा दुसरा हात मांडीवर होता, आणि त्याची बोटं आता घट्ट मिटली होती.

"काही नाही. हिला पाणी आणते."

ताईंनी आतून पेला भरून आणला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. तिचे ओठ फुटलेले होते, उन्हातून आली होती, पण तिने पेल्याला हात लावला नाही. ती ताईंकडे बघत राहिली.

"पी," ताई म्हणाल्या.

तेव्हा कुठे तिने पेला उचलला.