अर्थिंगला रोज एक बादली

कूलर चालू असताना पाणी भरू नको, आणि आधी अर्थिंग करून घे, असं दिव्यानीला तिच्या आईनं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात फोनवर बजावलं होतं. दिव्यानी हसली होती. बी.एस्सी. झालेल्या मुलीला आईनं करंट शिकवावा, हे काही तिला पटलं नाही.

मग अश्विन झाला, रांगू लागला, आणि आयुष्यातलं पहिलं उभं राहणं त्यानं नेमकं लोखंडी कूलरला धरून केलं. कूलर बंद होता. पण दिव्यानीची झोप उडाली ती उडालीच. होळीच्या आत तिनं नवऱ्याच्या मागे लागून परसात खड्डा खणवला, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा पाइप पुरून घेतला, करंट लीक झाला की आपोआप पडणारा स्विचही बसवला. जमीन वाळली की अर्थिंग कामाचं राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग काय, सगळं नागभीड गाव पाणी जपून वापरत असताना ही सून भांडी विसळलेलं पाणी रोज त्या पाइपला घालू लागली.

सासऱ्यांना, मुखरूबाबांना, विषयच मिळाला. आल्यागेल्याला ते सुनेचं रोप दाखवायला परसात न्यायचे. यंदा खत टाकलं की पुढच्या साली बल्ब लागतील, म्हणायचे. शेजारच्या केसरबाईनं तर पिकले की दोन आपल्यालाही ठेवायला सांगितले.

मे महिन्यातल्या एका दुपारी दिव्यानी न्हाणीत कपडे धूत होती. मुखरूबाबांनी नातवाला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं चालू कूलरमध्येच बादली ओतली. पाणी मोटारीवर उडालं. अश्विननं ओल्या पत्र्याकडे हात नेला आणि घरातलं सगळं एकदम बंद पडलं.

"गेली लाइन," म्हणत बाबा वीजवाल्यांच्या नावानं सुरू झाले. पण भिंतीपलीकडे केसरबाईचा कूलर घरघरतच होता. दिव्यानी धावत आली. तिनं पडलेला स्विच पाहिला, ओला कूलर पाहिला. पिन काढली, पोराला घेतलं आणि त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत बसली.

बाजेवर बसलेल्या बाबांचं लक्ष भिंतीपलीकडच्या घरघरीकडे गेलं. मग हळूच म्हणाले, "केसरबाईच्या कूलरले हाय काय वो अर्थिंग?"

दोघंही उठून गेले. केसरबाईचा मुलगा पुण्याला, घरात ती एकटीच. कूलरखालची फरशी ओली, बाई अनवाणी. कूलर काही त्रास देतो का, असं विचारल्यावर म्हणाली, "नाई वो. हात लावला का थोडंसं झिणझिण करते. पण हवा लय गार देते."

बाबांनी बटण बंद करून पिन काढली आणि वायरमन येईपर्यंत बाईला आपल्या घरी आणलं. ती कुरकुरली, की चांगली लागलेली झोप मोडली.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी केसरबाई असेल, झिणझिणण्याची तक्रार न करणारी. आज तिची पाणी भरायची वेळ होण्याआधी एक चक्कर टाका. कूलरला हात लावून बघत बसू नका. आधी पिन काढा, मग चहा मागा.