दिवा गेला की जाऊ

मित्रांनो, मी डिझेलवर चालणारी एक जुनी गाडी आहे, आणि माझं म्हणणं आयुष्यात कुणी ऐकून घेतलेलं नाही. तुम्ही तरी घ्या.

माझा पहिला मालक औषधांचा फिरता विक्रेता होता. आठवड्यातले पाच दिवस आम्ही मोठ्या रस्त्यावर असायचो. त्यानं मला कधी फडकं म्हणून लावलं नाही. सीटवर बिस्किटांचा चुरा, पायाशी चिखल! पण मी ठणठणीत होते. मग त्याला बसून करायचं काम मिळालं आणि त्यानं मला विकलं.

घेतलं ते हल्लीच्या मालकांनी. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. माणूस देवासारखा, पण जपण्याचं भलतंच वेड! घरातला रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. नवी छत्री पावसात खराब होईल म्हणून कपाटात, आणि हे आपले भिजत कामावर. अशा माणसाच्या हाती मी सापडले.

मला घेतलं होतं त्यांच्या आईंसाठी. आईंचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नाही. त्यांची थोरली बहीण इथून तीन तासांवर राहते आणि दोघींची चार वर्षांत भेट नव्हती. "पुढच्या रविवारी मावशीकडे," असं मालक म्हणाले, त्याच संध्याकाळी आईंनी कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली.

रविवारपर्यंत मला जपायचं ठरलं. घर ते दुकान आठ मिनिटं, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलवाले मागं टाकून जातील अशा बेतानं. परत आलं की पुसायचं आणि वर चंदेरी खोळ घालायची.

आता नीट ऐका. माझ्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी आहे. मोठ्या रस्त्यावर तासभर पळलं, इंजिन चांगलं तापलं, की ती काजळी आपोआप जळून जाते. आठ मिनिटांत काय जळणार, कपाळ? जाळी तुंबली. शनिवारी पुढच्या फळीवर पिवळा दिवा लागला आणि माझा दम गेला.

"आई, दिवा लागलाय," मालक म्हणाले. "तो गेला की जाऊ."

आईंनी पिशवी रिकामी केली.

मिस्त्रीनं आधी सेन्सर बदलला. महिनाभरानं दिवा पुन्हा लागला. मग टर्बो बदलला. मग इंजेक्टर. घराला रंग द्यायला ठेवलेले पैसे माझ्या पोटात गेले आणि भिंती तशाच राहिल्या. दर वेळी मालक म्हणायचे, "किती जपतो हिला, तरी हिची ही थेरं!" अहो, जपता म्हणूनच ना! पण मला हॉर्नखेरीज तोंड नाही, आणि तोही ते वाजवत नाहीत, झिजेल म्हणून.

शेवटी मिस्त्रीच वैतागला. जाळी धुऊन तो म्हणाला, "साहेब, हात जोडतो. हिला मोकळ्या रस्त्यावर पळवा. नाहीतर पुन्हा तुंबणार." हे शहाणपण त्याला टर्बोच्या आधी सुचलं असतं तर? मालकांनी मान डोलावली आणि मला दुसऱ्या गिअरमध्ये घरी आणलं. त्यांचं म्हणणं, दिवा कायमचा जाऊ दे, मग लांब नेऊ. आणि लांब नेल्याशिवाय दिवा काही कायमचा जात नव्हता! दोन वर्षं हाच खेळ. आईंनी पिशवी पाच वेळा भरली आणि पाच वेळा रिकामी केली.

मग एके दिवशी फोन आला. मावशींना आता उठून बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक खोळ काढतात तर आई काठी टेकत आल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन आत बसल्या.

"आई, दिवा लागलाय गं."

"लागू दे."

"रस्त्यात बंद पडली तर?"

"तर रस्त्यात बसू. मी उतरणार नाही. चल."

निघालो. शहर संपलं, रस्ता मोकळा झाला. तासाभरानं काजळी पेटली आणि जळकट वास सुटला. मालकांनी घाबरून मला कडेला घ्यायला सुरुवात केली. मेले! आता थांबलं तर सगळं मुसळ केरात.

"थांबलास तर याद राख," आई म्हणाल्या.

मालकांनी दात आवळून पाय दाबला. दहाव्या मिनिटाला दिवा विझला. माझ्यात असा जोर आला की मालक पुन्हा घाबरले.

मावशींचा पलंग खिडकीशी होता आणि मला खिडकीखालीच उभं केलं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ताई, आले गं."

"आलीस? गाडी घेतली म्हणून कळलं, तेव्हा मी दर रविवारी फाटकात खुर्ची टाकून बसायचे," मावशी म्हणाल्या. "तेव्हा चालता येत होतं मला. आपण नदीपर्यंत गेलो असतो."

मालक बाहेर आले, माझ्यात बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. मला त्यांचा राग होता, पण त्या वेळी फार वाईट वाटलं. माझा दिवा विझला होता. मावशींचे पाय काही परत येणार नव्हते.

संध्याकाळी घरी पोचलो. मालकांनी मला पुसलं आणि हात सवयीनं खोळीकडे गेला.

"ती इकडे आण," आई पायरीवरून म्हणाल्या. "ताईच्या खिडकीत दुपारचं ऊन येतं. रविवारी जाऊन पडदा म्हणून बांधू."

"दर रविवारी एवढं लांब? अगं, झिजेल ती!"

"झिजू दे," आई म्हणाल्या, आणि पिशवी रिकामी न करताच दाराशी ठेवली.

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. मला पुसू नका, झाकू नका. कुणीतरी कुठंतरी फाटकात खुर्ची टाकून बसलेलं असतं. तिथं घेऊन चला.