लवकर वाजलेली घंटी

मी एक टाइपरायटर, मराठी अक्षरांचा. टकटक हा माझा जन्माचा स्वभाव, पण आज आवाज खाली ठेवूनच बोलतोय. मला माझीच लाज वाटते.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी औरंगाबादच्या एका कचेरीत आलो. कारभार उर्दूतून मराठीत यायचा होता. यायलाच हवा होता; खेड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळणार होता. मला हार घातला, पेढे वाटले. मी फुशारलो.

मजीदमियां तिथले जुने कारकून. उर्दू अक्षर मोत्यासारखं, मराठीही घरच्यासारखी बोलत. पण हेडक्लार्क नानासाहेबांनी फर्मान काढलं, की टाइपिंगच्या परीक्षेत पास होईल तोच कारकून राहील, बाकीचे शिपाई. आणि शिकवणी ठेवली शुक्रवारी दुपारी.

"सायेब, त्या वक्ताला जुम्म्याची नमाज असती. दुसरा वार धरा ना," मजीदमियां म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा, मियां!"

सारखा म्हणे! शिकवणीला मजीदमियांची खुर्ची रिकामीच राहायची. बाकीचे दिवस मी कपाटात, कुलपाआड.

परीक्षेला मात्र ते बसले. आयुष्यभर उर्दू उजवीकडून डावीकडे लिहीत आलेला माणूस. ओळ उजव्या कडेपासून सुरू करायला सवयीनं त्यांनी माझा वरचा गाडा सरकवला. ओळ संपत आली की माझी घंटी वाजते, एवढंच मला ठाऊक. कागदावर एकही अक्षर नव्हतं आणि मी वाजलो.

सगळी कचेरी हसली. "मियां, सुरू व्हायच्या आधीच संपलं की तुमचं!" म्हणत नानासाहेबांनी डोळे पुसले. मजीदमियांनी माझ्यावरचे हात काढून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण यंत्राला जीभ चावता येत नाही.

ते शिपाई झाले. मला पुसायचं काम त्यांच्याकडेच आलं. रोज सकाळी गाडा सरकवण्याआधी ते मागं हात घालून घंटीवर बोट दाबून धरायचे. पुंजाराम कारकुनानं एकदा कारण विचारलं.

"लोकं कामात हायेत. कायको आवाज?" एवढंच म्हणाले. रिटायर होईपर्यंत ते बोट ठेवायला कधी विसरले नाहीत.

आता मी अडगळीत पडून आहे. बाहेर नवी यंत्रं येतात, त्यांना हार पडतात, शिकवणीचे वार ठरतात. वार ठरवताना एकदा सगळ्यांना विचारत जा हो. आणि मला भंगारात द्याल तेव्हा आधी घंटी काढून घ्या. तिच्यावर बोट ठेवणारं आता कुणी नाही.