उलट बाजूची बाही

"पुतळे, तीळ असतील का गं शेरभर?" म्हणत शेजारची छबूबाई परड्याच्या दारानं थेट आत आली, तेव्हा पुतळाबाईच्या दोन्ही हातांत कोटाची एकेक बाही होती, आणि दोन्ही बाह्या डाव्याच हाताच्या होत्या.

तिनं त्या झटकन पदराखाली घातल्या.

"न्हाईत," ती म्हणाली. काल चाकणच्या शनिवारच्या बाजारात घेतलेले दोन शेर तीळ चुलीमागच्या डब्यात होते. पण तीळ काढायचे म्हणजे हात मोकळे करायला हवेत.

"आन् मग संक्रांतीला लाडू कशाचं करतीस? पदराखाली काय लपिवलंयस?"

"फडकं हाय."

"मास्तर झोपलं व्हय?"

"ऐकू येतंय न्हवं?"

आतल्या खोलीतून चिमाजी शिंप्याचं घोरणं येत होतं, लाकूड कापल्यासारखं. छबूबाईनं नाक मुरडलं, इकडं तिकडं पाहिलं आणि आणखी काही मागण्यासारखं दिसेना तशी ती निघून गेली. पुतळाबाईनं दाराला कडी घातली आणि बाह्या पुन्हा मांडीवर पसरल्या. कोटाच्या बाहीला कोपराशी बाक असतो. ह्या दोन्ही बाह्यांचे बाक एकाच दिशेला होते. कितीही फिरवून पाहिल्या तरी एकाच दिशेला होते.

कोट कुरुळीच्या उद्धवरावांच्या मुलाचा, बन्सीचा. पिंपरीला नुकताच औषधांचा कारखाना सुरू झाला होता आणि मॅट्रिक झालेल्या बन्सीला तिथं कारकुनाची जागा मिळाली होती. उद्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं. उद्धवरावांनी स्वतः पुण्याला जाऊन काळी लोकरीची सर्ज आणली होती, चिमाजीनं सांगितली तेवढीच, बोटभर जास्त नाही. आज पाचच्या गाडीनं बापलेक कोट न्यायला येणार होते. चिमाजीनं सकाळी बाह्या कापल्या, टीप मारून शिवून टाकल्या, "उठल्यावर मुंढ्याला लावतो" म्हणाला आणि भाकरी खाऊन आडवा झाला. कापड एकेरी अंथरून त्यानं एक बाही कापली होती आणि दुसरी कापताना नमुना पालटायचा विसरला होता. की पालटलाय असं त्याला दिसलं होतं, देव जाणे.

दोन वर्षं झाली, चिमाजीचे डोळे त्याला दगा देत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हे गावाला माहीत नव्हतं आणि चिमाजीला मान्य नव्हतं. त्याच्या मते दिव्याची काच काजळलेली असे, नाहीतर हल्ली दोराच बारीक येत असे. काजं-बटणं करायचं काम पुतळाबाईचं, त्यामुळे पहिली चूक तिच्याच हाती लागली: पाटलांच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला अर्धा इंच लांब. ती काही बोलली नाही. दुपारी तो झोपल्यावर दाढीच्या अर्ध्या पात्यानं तिनं कॉलर उसवली आणि पुन्हा शिवली. मग खिसे, मग पट्ट्या, मग पायजम्यांचे नेफे. दोन वर्षं दुपारची झोप काय असते हे त्या बाईनं पाहिलं नव्हतं. नवरा झोपला की दुकानाच्या फळ्या लावायच्या, उसवायचं, शिवायचं, आणि तो उठायच्या आत सगळं होतं तसं खुंटीला अडकवायचं. देवाची एवढी कृपा की चिमाजीची झोप दगडासारखी होती. पायाचं मशीन भिंतीपलीकडं खडखडायचं, पण त्याच्या घोरण्यात खंड पडत नसे.

तिनं त्याला सांगितलं का नाही? सासऱ्यामुळं. सासऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा चिमाजीनंच एके दिवशी, चांगल्या मनानं, त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली होती. म्हाताऱ्यानं बाज भिंतीकडं वळवून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून निजून राहिला. आठ महिन्यांत गेला. त्या आठ महिन्यांचं जेवण पुतळाबाईनं वाढलं होतं आणि तसंच्या तसं उचललंही होतं. नवऱ्याची बाज तशी फिरलेली तिला पाहायची नव्हती. तिला दुसरं काहीएक नको होतं.

पण आजवर चुका शिलाईच्या होत्या. शिलाई उसवता येते. कात्रीनं कापलेलं कोण जोडणार?

ती उठली. फळीच्या फटीतून रस्ता पाहिला. रस्त्यात एक कुत्रं तेवढं होतं. परत येऊन तिनं चिंध्यांची टोपली पालथी घातली. सर्जचा सगळ्यात मोठा तुकडा तळहाताएवढा निघाला. ती पुन्हा उठली, उगाचच पाणी प्यायली, घोरणं चालू आहे ना ते ऐकलं. उठवावं का? "अवं, दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात तुमी," एवढं म्हणायचं. ती आतल्या दारापर्यंत गेलीसुद्धा. चिमाजी कुशीवर झोपला होता, भिंतीकडं तोंड करून. ती तशीच मागं फिरली.

निदान एक बाही उसवून तरी ठेवावी, म्हणून तिनं पातं घेतलं. टीप तीन हिसक्यांत सुटली. हल्ली मशीनची टीप लांब लांब पडायची. टाक्याचा स्क्रू झिजून आपोआप ढिला होतो असं तिचं मत होतं. शिवायला बसली की आधी तो आवळायचा, ही तिची सवयच झाली होती. सुटलेले दोन तुकडे मांडीवर घेऊन ती बसली आणि तिला शाळेतल्या हेडमास्तरांचा कोट आठवला. दर दोन-तीन वर्षांनी ते आपला विटलेला कोट आणून टाकायचे, आणि चिमाजी तो सगळा उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवून द्यायचा. कोट नव्यासारखा दिसायचा.

तिनं तुकडे पालथे केले. डावी बाही उजवी झाली.

तिला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. सर्जच्या अंगावर बारीक तिरक्या रेघा असतात. सुलट बाजूला त्या एकीकडं चढतात, उलट बाजूला दुसरीकडं. काळ्या कापडावर, सावलीत, कुणाला दिसणार? पण उन्हात? साहेबासमोर? दिसलं तर दिसलं. तिनं स्क्रू आवळला आणि मशीनवर बसली. पाय इतके घाईनं चालत होते की दोनदा दोरा तुटला. अस्तर बदललं, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली, हात भाजला. भाजलेलं बोट तोंडात धरून ती बाह्या जागेवर ठेवत होती, तेवढ्यात घोरणं थांबलं.

चिमाजी तोंड धुऊन आला आणि मशीनवर बसला. "बाह्या दे," म्हणाला. तिनं दिल्या. डावी त्यानं सरळ मुंढ्याला लावली. उजवी घेतली आणि त्याचा अंगठा कापडावर थांबला. एकदा खालून वर गेला, एकदा वरून खाली आला.

"पाणी दे गं," तो म्हणाला.

ती तांब्या घेऊन येईतो मशीन चालू झालं होतं. मान खाली घालून तो पाय मारत होता. तिचा जीव भांड्यात पडला. उरलेली हातशिलाई, काजं-बटणं हे सगळं आज तिला सोपं वाटलं.

पाचच्या गाडीनं उद्धवराव आणि बन्सी आले. मुलगा लाजरा, नुकत्याच मिशा फुटलेला. बाप त्याच्यापेक्षा चार बोटं उंच झाल्यासारखा चालत होता. पुतळाबाई नेहमीप्रमाणं पडद्यामागं उभी राहिली. बन्सीनं कोट घातला. खांद्यात बसला, पाठीत बसला. उद्धवराव दोन पावलं मागं सरकून बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मास्तर, नाव काढलंत. पोरगं सायेब दिसाय लागलं."

"उद्धवराव," चिमाजी म्हणाला, "उजवी बाही उलट्या कापडाची हाय."

पडद्यामागं पुतळाबाईनं दाराची चौकट धरली.

"काय म्हनता?"

"कापताना माजी चूक झाली. दोनी बाह्या डाव्या कापल्या मी. मला दिसत न्हाई आता. दोन वर्सं झाली, नीट दिसत न्हाई. कापड पालथं घालून ती बाही आमच्या मंडळीनं सावरली. दोन वर्सं सगळं तीच सावरती. तुमचा मागच्या दिवाळीचा सदराबी तिनंच शिवल्याला हाय."

उद्धवरावांनी चटकन बन्सीची उजवी बाही हातात धरली. मग उद्धवरावांचा आवाज चढला. "म्हंजे उलट्या कापडाचा कोट घालून पोराला कारखान्यात धाडू मी? मास्तर, अवं दोन कोसावरनं तुमच्या नावावर येतो आमी!"

"म्हनूनच सांगितलं."

बन्सी दारात उजेडात गेला. दोन्ही हात पुढं धरून त्यानं पाहिलं, उद्धवरावांनीही वाकून पाहिलं. ऊन कलतं होतं, आणि नीट पाहिलं तर रेघा दिसत होत्या. "आबा, कोन बघतंय एवढं," बन्सी हळूच म्हणाला. "मला बसतोय त्यो." दुसरं काही करायला वेळच नव्हता, गाडी सुटायची होती आणि सोमवार उद्यावर आला होता. बन्सीनं कोट काढून त्याची घडी घातली. जाताना उद्धवरावांनी चिमाजीला नेहमीसारखा रामराम घातला नाही. "फुडलं कापड पुन्यालाच टाकीन म्हन्तो," एवढं म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

ते दिसेनासे झाले तशी पुतळाबाई पडदा बाजूला करून पुढं आली.

"दिसत नव्हतं त्यास्नी! घिऊन चालले हुते गुमान! दोन वर्सं माज्या डोळ्याला डोळा न्हाई, ते ह्याच्यासाटी व्हय? सगळ्या गावात करा आता बोंबाबोंब!"

"मला ठावं हाय तुज्या डोळ्याला डोळा न्हाई ते."

"तुमी तर ढाराढूर झोपता!"

"भिंतीपल्याड मशीन खडखडतंय आन् मानूस झोपंल व्हय, येडे? घोरत पडायचो. न्हाईतर तुजा हात थांबला आस्ता."

तिनं मशीनकडं पाहिलं.

"आन् स्क्रू झिजल्याला न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "मीच ढिला करीत हुतो. लांब टीप पडली की तुला उसवाया सोपं."

पुतळाबाईनं स्क्रूला बोट लावून पाहिलं. एवढी वर्षं ज्याला जपायचं म्हणून ती जिवाचं रान करत होती, तो माणूस पडल्या पडल्या तिलाच जपत होता. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर माया आली. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "मंग बोलला का न्हाईत?"

"तू बोललीस का?" त्यानं विचारलं. मग त्यानं मशीनच्या चाकावर हात फिरवला. "शिलाईतली चूक आपल्या दोगांत राहती गं. पर कापड लोकांचं. आज बाही सावरलीस. उद्या कुना पोरीच्या लगनातला खण माज्या कात्रीखाली आला तर? मला भ्या वाटाय लागलंय कात्रीचं. येत्या शनवारपास्नं कात्री तू धर. कसं कापायचं ते मी सांगीन."

"आन् तुमी?" तिनं विचारलं. तिला बाज दिसत होती, भिंतीकडं फिरवलेली.

"मी हितंच बसनार. मापं कोन घेईल, तू? गडीमानसांची?"

शनिवारपर्यंत सगळ्या चाकणला कळलं. छबूबाई चार वेळा येऊन गेली आणि चार वेळा तिला काही मागायचं सुचलं नाही. पुतळाबाईला अन्न गोड लागेना. ती मध्येच उठायची, जुनी धोतरं अंथरून कात्री चालवून पाहायची, कपाळावर हात मारायची. चिमाजी शेजारी बसून कापडाच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि सांगायचा, "हितं वाकडी गेलीस. पुन्यांदा."

बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळ्या काढल्या तेव्हा पुतळाबाई पडद्यामागं गेली नाही. मशीनपाशी, रस्त्याकडं तोंड करून बसली. येणारे-जाणारे थबकून बघत होते. दोघेतिघे कापड बगलेत धरून आले, तिला पाहिलं आणि तसेच पुढं गेले. एरवी दहा वाजेपर्यंत पायऱ्यांवर माणसं उभी असायची. आज अकरा वाजले, बारा वाजले. चिमाजी ताठ बसून होता, रस्त्यावरच्या प्रत्येक चाहुलीकडं मान वळवत. त्या रिकाम्या पायऱ्यांकडं पुतळाबाईला बघवेना आणि त्याच्याकडं तर त्याहून बघवेना.

एकच्या सुमाराला पलीकडच्या वाडीचा गेनबा आला. हातात मांजरपाटाचा तुकडा.

"सदरा शिवायचाय," तो म्हणाला. नवऱ्याकडं बघून बोलावं की बायकोकडं हे त्याला कळेना, म्हणून तो मशीनकडं बघून बोलला.

चिमाजी उठला. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यानं गेनबाला पाठमोरा उभा केला, खांद्यावर टेप लावली, दुसऱ्या खांद्याचं हाड बोटांनी चाचपलं आणि तिथं टेपेवर नख रुतवलं. टेप डोळ्यांपाशी नेली नाही. नख होतं तिथंच घट्ट धरून त्यानं हात बायकोपुढं केला. रस्त्यावर तिघेचौघे थांबले होते.

पुतळाबाई वाकली.

"साडेसतरा," ती म्हणाली. ते फक्त चिमाजीला ऐकू गेलं. चिमाजीचा हात तसाच पुढं होता. मग तिनं मान वर केली आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "साडेसतरा."